रत्नागिरी : थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान आणि वाटेवरची छोटी संग्रहालयं नीट कशी पाहावीत?

कातळसडा

गणपतीपुळ्याला जाणारी मंडळी वाटेत थिबा राजवाड्यात शिरतात, वीस मिनिटांत बाहेर येतात आणि "आत काही विशेष नाही" असं लिहून मोकळी होतात. दर सुट्टीच्या हंगामात असे अभिप्राय वाचायला मिळतात, म्हणून हा धागा. या राजवाड्यात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे खुद्द ते घर. कपाटं नंतर बघायची.

आधी कालक्रम डोक्यात बसवून जा, कारण आतल्या पाट्यांवरून तो सलग कळत नाही. थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. जन्म १८५९चा. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५मध्ये त्याची राजधानी मंडाले पडली आणि राजाला कुटुंबासह बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरी. इथे आल्यावर लगेच राजवाडा मिळाला असा बहुतेकांचा समज असतो, पण तसं झालं नाही. पहिली चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारी बंगल्यांत राहिलं. आज आपण पाहतो ती इमारत १९१०मध्ये पूर्ण झाली आणि राजाच्या वाट्याला ती जेमतेम सहा वर्षं आली. डिसेंबर १९१६मध्ये तो इथेच वारला.

म्हणजे ही वास्तू एका पदच्युत राजाला नजरकैदेत ठेवण्यासाठी इंग्रज सरकारने बांधलेली आहे. हे लक्षात ठेवून फाटकातून आत गेलात की जागेचा अर्थ लागतो. गावापासून वेगळी, उंचावर, खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतील अशी, आणि येणाजाणाऱ्यावर लक्ष ठेवता येईल अशी. राजाला समुद्र दिसायचा, पण त्यावरून परत जाता येत नव्हतं.

पाहण्याचा क्रम असा ठेवा :

तिकीट काढून थेट दालनात शिरू नका. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा, पंधरा मिनिटं लागतात. उतरती छपरं, तीन मजले, लाकडी कोरीवकामाच्या अर्धगोल खिडक्या नीट पाहा. छपराचा उतार कोकणच्या पावसासाठी आहे, व्हरांडे आणि उंच दालनं साहेबी बंगल्याच्या पद्धतीची आहेत आणि खिडक्यांचं नक्षीकाम ब्रह्मी वळणाचं. तीन निरनिराळ्या घरांच्या सवयी एकाच इमारतीत आल्या आहेत. मग तळमजल्यावरचं संग्रहालय आणि शेवटी वर, जिथे संगमरवरी फरशीचं नृत्यदालन आहे. राजाने बरोबर आणलेली बुद्धमूर्ती मागच्या बाजूला आहे. ती चुकवू नका, बरेच जण पुढूनच परत फिरतात.

वेळ साधारण सकाळी १० ते संध्याकाळी साडेपाच, सोमवारी बंद. सरकारी सुट्टीला आणि डागडुजी चालू असताना काही खोल्यांना कुलूप असतं, तेव्हा फाटकावरच "वरचा मजला उघडा आहे का?" हे विचारून घ्या. इमारत राज्य संरक्षित स्मारक असल्यामुळे दुरुस्ती टप्प्याटप्प्याने चालते आणि तिची जाहिरात कुठे होत नाही.

उंडीण

चांगला धागा. दोन प्रश्न. सोबत सत्तरीपुढची माणसं असतील तर कितपत जमेल? आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाण्यात अर्थ आहे का?

भाट्येपूल

ज्येष्ठांसाठी : राजवाड्याच्या फाटकापर्यंत गाडी किंवा रिक्षा जाते. आवारात चालणं सपाट आहे, अडचण फक्त जिन्याची. लाकडी जिना चढताना कठड्याच्या बाजूने चढायचं, पायरीच्या मध्यावर नाही. जुन्या लाकडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात आणि पावसाळ्यात दमट होऊन पाय सटकतो. ज्यांना जिना नको त्यांनी तळमजला आणि बाहेरची फेरी करावी, तेवढ्यानेही पोट भरतं. बसायला बाकडी मोजकीच असतात.

यायचं कसं : रेल्वे स्टेशन गावाबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, गावापासून सहा-सात किलोमीटर. स्टेशनबाहेर रिक्षा मिळतात, शिवाय एसटीची शहर बस आहे. गाडीने येणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याला वळायचं, तिथून रत्नागिरी तेरा किलोमीटरच्या आसपास. रिक्षावाल्याला "थिबा पॅलेस" सांगा, पण "थिबा पॉइंट" सांगू नका. पॉइंट म्हणजे जवळचं खाडी बघायचं ठिकाण, आणि संध्याकाळच्या वेळी रिक्षावाला पर्यटकाला हमखास तिथेच नेतो. तिथून चालत परत येईपर्यंत संग्रहालय बंद झालेलं असतं. आधी राजवाडा, मग पॉइंट हा क्रम वेळेच्या दृष्टीनेही बरोबर पडतो.

पावसाळ्याचं : जा, जरूर जा. गर्दी नसते आणि ही घरं ज्या पावसासाठी बांधली त्या पावसात ती काम करताना दिसतात. पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात ते बघा. फक्त दुपारी वीज जाण्याची तयारी ठेवा. दालनात दिवे गेले की पाटी वाचता येत नाही. छोटी बॅटरी जवळ असावी आणि लावण्याआधी रखवालदाराला विचारावं. ओली छत्री दाराबाहेर ठेवायची. ती आत नेऊन लाकडी जमिनीवर टेकवणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

रानजाई

राजाचं सिंहासन, रत्नं वगैरे इथे ठेवलेली आहेत का? एका ठिकाणी तसं वाचलं होतं.

कातळसडा

नाही. ही अपेक्षा ठेवून आलेले लोकच सगळ्यात निराश होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मंडालेच्या राजवाड्यातलं सिंहासन १८८५ नंतर कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेलं. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८मध्ये ते परत देण्यात आलं आणि आज ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजचिन्हांचा बराचसा भाग लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होता, तो १९६४मध्ये परत गेला. राजाचं ते प्रसिद्ध माणिक मात्र कुठे गेलं ते कळलंच नाही. कर्नल स्लेडन या अधिकाऱ्याकडे ते सांभाळायला दिलं होतं, अशी राजाची तक्रार होती आणि रत्नागिरीहून त्याने त्यासाठी अर्जही केले. उरलेली जडजवाहिरं इथे असताना हळूहळू विकली गेली, कारण सरकारी पेन्शनीत घर चालेना आणि देणी वाढत गेली.

तेव्हा संग्रहालयात राजाच्या वापरातल्या म्हणून ज्या मोजक्या वस्तू आहेत, त्यांच्याकडे "एवढंच?" म्हणून बघू नका. बाकीचं कसं गेलं हाही इतिहासच आहे. तळमजल्यावरचा बराचसा संग्रह प्राचीन शिल्पांचा आहे, त्याचा थिबाशी काही संबंध नाही. इथे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय चालवलं जातं, त्यामुळे एकाच छपराखाली दोन वेगळे विषय आले आहेत. हे आधीच ठाऊक असलं की गोंधळ उडत नाही.

आणखी एक. मंडालेचा मूळ राजवाडा मार्च १९४५मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जळाला. आज तिथे दिसतो तो नंतर नव्याने उभा केलेला. त्या जुन्या राजवाड्यातली एक सागवानी इमारत तेवढी वाचली, कारण तिच्यात वडील मिंडोन राजा वारले म्हणून थिबाने ती राजवाड्याबाहेर हलवून मठ केला होता. तोच श्वेनांडॉ मठ. म्हणजे थिबा जिथे प्रत्यक्ष राहिला, वावरला, म्हातारा झाला, असं अस्सल घर पाहायचं असेल तर ते रत्नागिरीत आहे, मंडालेत नाही. म्यानमारहून येणारे पाहुणे इथे का येतात ते यावरून समजावं. २०१२मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास येऊन गेले.

पाखाडी

टिळक जन्मस्थानाबद्दल मी लिहितो.

टिळक आळी गावाच्या मध्यात आहे, एसटी स्टँडवरून चालत जाता येतं. बाजारपेठेच्या गर्दीत चारचाकी घालू नका, गाडी स्टँडच्या बाजूला लावून पायी जा. घर राज्य संरक्षित स्मारक आहे. २३ जुलै १८५६ रोजी टिळकांचा जन्म इथला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, मूळ गाव चिखली. बदली झाल्यामुळे १८६६मध्ये कुटुंब पुण्याला गेलं, म्हणजे टिळकांची पहिली दहा वर्षं या गावातली. ही वास्तू टिळकांच्या मालकीची नव्हती, कुटुंब इथे बिऱ्हाडाने राहत होतं. शिक्षकाचं घर म्हणून ते पाहिलं तर त्याचं साधेपण डोळ्यात भरतं.

आत फोटो, तक्ते आणि माहितीफलक आहेत. ते अर्ध्या तासात वाचून होतात. उरलेला वेळ घर वाचण्यात घालवा. अंगणातून ओटीवर, ओटीवरून माजघरात, तिथून आत जन्माची खोली. प्रत्येक उंबऱ्याला प्रकाश एकेक पायरीने कमी होतो. ओटी पाहुण्यांची आणि कामकाजाची म्हणून उजेडाची, माजघर घरच्यांचं म्हणून निमअंधारं, बाळंतिणीची खोली सगळ्यात आतली, वारा न लागणारी. दिवे लावलेले असले तरी हा फरक जाणवतो. वर बघितलंत की आढं, वासे, रिपा आणि त्यावर कौलं असा सगळा सांगाडा उघडा दिसतो. अशी छपरं दर पावसाळ्याआधी शाकारावी लागतात, कारण वानराने किंवा नारळाच्या झावळीने एक कौल सरकवलं तरी धार थेट आतल्या वस्तूवर पडते. अशा घरातल्या संग्रहालयाला दरवर्षीचा हा खर्च चुकत नाही.

२३ जुलै आणि १ ऑगस्टला, म्हणजे जयंती-पुण्यतिथीला, शाळांच्या रांगा आणि हारतुरे असतात. वातावरण हवं असेल तर त्या दिवशी जा, घर बघायचं असेल तर ते दोन दिवस टाळा.

आणि कातळसड्यांच्या पोस्टला एक जोड. टिळकांना जुलै १९०८मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं ते मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. ज्या तटबंदीच्या आतून थिबाला बाहेर काढलं, त्याच तटबंदीच्या आत. १९१४मध्ये ते सुटले. त्याच काळात, १९१०मध्ये, थिबा या नव्या राजवाड्यात राहायला आला. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैद आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद, दोघांचे वय तीन वर्षांच्या फरकाचे, आणि हे एकाच वेळी चालू होतं. गीतारहस्याच्या पेन्सिलीने लिहिलेल्या वह्यांची चळत तिथे तयार होत होती, तेव्हा इथे थिबा नव्या राजवाड्यात नुकताच राहायला आला होता. माझा आग्रह आहे की दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहावीत, सकाळी टिळक आळी आणि दुपारी राजवाडा.

लोणा

इमारतींच्या डागडुजीशी संबंध येतो, म्हणून त्या अंगाने लिहितो. कोकणातल्या संग्रहालयांत लोक भिंतींचे पोपडे बघून नाकं मुरडतात. ते का होतं हे कळलं तर बघण्याची दृष्टी बदलेल.

जांभा, म्हणजे कोकणातला लाल दगड, सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल चिऱ्यांतून वर चढते, सोबत क्षार घेऊन येते. भिंतीच्या पृष्ठभागावर पाणी सुकतं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक गिलाव्याला आतून ढकलतात. हाच लोणा. चुन्याचा गिलावा असेल तर भिंत श्वास घेते, क्षार गिलाव्यात येतात, काही वर्षांनी तो गिलावा काढून नवा करायचा. चुन्याचा गिलावा हा झिजण्यासाठीच असतो, तो झिजतो म्हणून दगड वाचतो. पण घाईने त्यावर सिमेंट मारलं की ओल अडकते आणि आणखी वर चढते. मग पोपडे जोत्याशी न राहता छातीच्या उंचीवर दिसायला लागतात. जुन्या इमारतीत पोपडे कमरेच्या वर दिसले तर खाली कधीतरी सिमेंट लागलेलं असण्याची शक्यता फार.

दुसरी गोष्ट हवेची. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मिश्र संग्रहासाठी हवेतली आर्द्रता साधारण ४५ ते ६० टक्क्यांत स्थिर असावी असं मानतात आणि ती ७०च्या पुढे टिकली की बुरशी धरते. इथे पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८५च्या वर असते. त्यात खारा वारा. लोखंड गंजतंच, पण ब्राँझच्या वस्तूंवर हिरवट पिठूळ ठिपके दिसले तर तो क्लोराइडचा रोग असतो, तो आत खोल जातो. अशी वस्तू दिसली तर काळजीवाहकाच्या कानावर जरूर घाला. हात लावून पुसू मात्र नका.

बंद काचपेटी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. पेटीतली लाकडी फळी आणि कापड ओल धरून ठेवतात, बाहेरची हवा थंड झाली की आतून काचेवर दव येतं. म्हणून चांगल्या पेटीला बारीक जाळीची फट असते किंवा आत सिलिका जेलची पुडी असते. पुडीतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले असतील तर ते भिजलेत, तापवून पुन्हा वापरायचे. दालनात उभ्याउभ्या तपासता येणारी ही गोष्ट आहे.

सुरंगी

@लोणा, फारच उपयोगी. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही सुचवाल का? आठ ते बारा वयाची मुलं पाटी वाचत नाहीत, पळत सुटतात.

पाखाडी

मुलांना पाट्या वाचायला लावूच नयेत. काम द्यावं. टिळक जन्मस्थानात एक कागद-पेन्सिल देऊन घराचा नकाशा काढायला सांगा. दारं किती, खिडक्या किती, स्वयंपाकाची जागा कुठे, पाणी कुठून येत असेल. राजवाड्यात एकाच खिडकीचं चित्र काढायचं, फक्त एका. दहा मिनिटं एका खिडकीकडे बघितलेलं मूल ती विसरत नाही.

आवारात जुनं शिल्प असेल तर आणखी सोपं. कोकणात बऱ्याच ठिकाणी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचे कोरीव दगड, उभे असतात. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर चंद्र-सूर्य. एकदा क्रम सांगितला की मुलं पुढचा स्वतः वाचतात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांची रांग मोजता येते. कोकणातल्या मुलांना ते दाखवायलाच हवं.

मूळ आणि प्रतिकृती ओळखण्याचा खेळही चालतो. साच्यातून काढलेल्या प्रतिकृतीला कडेने सांध्याची बारीक रेघ असते आणि टवका उडाला असेल तिथे आत पांढरं प्लास्टर नाहीतर फायबर दिसतं. दगडाचा टवका आतही दगडच असतो. हे लांबून, नजरेने. हात न लावता.

उंडीण

फोटोंचं काय? काही ठिकाणी काढू देतात, काही ठिकाणी नाही, आणि नियम फलकावर नसतो.

भाट्येपूल

फाटकावर विचारा आणि जे उत्तर मिळेल ते पाळा. हुज्जत घालू नका. बाहेरून काढायला सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड, ड्रोन, लग्नाआधीचे फोटोशूट या गोष्टींना संरक्षित स्मारकात वेगळी परवानगी लागते, ती तिथल्या तिथे मिळत नाही.

फ्लॅश बंदच ठेवा. काचेवर तो उलट मारतो आणि फोटोही बिघडतो. काचेतलं प्रतिबिंब फोटोत येऊ नये म्हणून मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरायचा, थोडा तिरका, आणि दुसऱ्या हाताने खिडकीच्या बाजूचा उजेड अडवायचा. गडद शर्ट घालून गेलात तर स्वतःची सावली काचेत कमी दिसते. पाटीचा फोटो वस्तूच्या फोटोच्या लगेच नंतर काढा, नाहीतर घरी गेल्यावर कुठली पाटी कशाची ते कळत नाही.

लोणा

कागद आणि कापडाच्या दालनात उजेड कमी ठेवलेला असतो, त्याबद्दल लोक तक्रार करतात. कागदासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, ते मुद्दाम. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात आणि सगळं दिसायला लागतं.

रानजाई

गाडीने मुंबईहून येताना वाटेत अशी आणखी कुठली ठिकाणं घ्यावीत? राष्ट्रीय चळवळीशी संबंध असलेली.

कातळसडा

उत्तरेकडून दक्षिणेकडे सांगतो. सगळी एका फेरीत कोंबू नका.

पनवेल सोडल्यावर महामार्गालगतच शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. वाट वाकडी करावी लागत नाही, तरी बहुतेक गाड्या तशाच पुढे जातात.

महाडला मात्र वेळ काढून थांबा. आधी चवदार तळं, मग डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक. २० मार्च १९२७चा सत्याग्रह तळ्यावर झाला, २५ डिसेंबर १९२७ला इथेच मनुस्मृतीचं दहन झालं, आणि तळ्याचा हक्क कोर्टात शाबित व्हायला १९३७ साल उजाडलं. दिवाणी दाव्यात हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रहाला दहा वर्षं झाली होती. पाण्याच्या पायऱ्यांशी उभं राहिल्यावर हा दहा वर्षांचा आकडा लक्षात असू द्या, लोकांना फक्त सत्याग्रहाचा दिवस ठाऊक असतो. २० मार्चच्या आसपास राज्यभरातून माणसं येतात. गावात गाड्या बाहेरच थांबवतात, तेव्हा अभिवादनासाठी जायचं असेल तर चालण्याची तयारी ठेवून जा, नुसतं पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

खेड-दापोली वाटेला पालगड, साने गुरुजींचं गाव. घर लहान आहे, अर्धा तास पुरतो.

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४चं. त्यांचं स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे आणि सरकारी नाही, गावाने जमवलेलं आहे. कोकणातल्या घरांच्या माळ्यांवरून आलेल्या वस्तू कशा दिसतात ते तिथे बघा.

रत्नागिरीतच पतितपावन मंदिर, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, १९३१चं. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, त्यांच्यावरचं प्रदर्शन तिथे आहे. त्यांची कोठडी विशेष कारागृहात आहे, पण ते चालू कारागृह आहे. आत जायचं तर कारागृह प्रशासनाची परवानगी लागते, ओळखपत्र मूळ प्रत घेऊन जा आणि ऐनवेळी नकार मिळू शकतो हे धरूनच कार्यक्रम ठरवा.

पुळ्याला मुक्काम असेल तर मालगुंडचं केशवसुत स्मारक दोनेक किलोमीटरवर आहे. ते इतिहासाचं नाही, कवितेचं, पण तिथलं जुनं घर टिळक जन्मस्थानाशेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

लोणा

चिपळूणचं नाव निघालं म्हणून. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूण आणि महाड दोन्ही बुडाले. नदीकाठच्या गावातल्या कुठल्याही ग्रंथालयाला, संग्रहालयाला भेट दिलीत की भिंतीवर पाण्याच्या खुणा शोधा, आणि कपाटं जमिनीपासून किती उंचावर आहेत ते बघा.

घरात जुने कागद, पोथ्या असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. भिजलेल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरू लागते. उन्हात घालू नये, कागद आकसतो आणि शाई उडते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, मध्ये कोरा शोषकागद घालून आणि तो वारंवार बदलून सुकवावं. सगळं एकदम सुकवणं शक्य नसेल तर पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. बुरशी थांबते आणि सवडीने एकेक बाहेर काढता येतं. चिकणमाती लागलेली असेल तर ती ओली असताना चोळू नये, सुकल्यावर मऊ ब्रशने झाडावी.

सुरंगी

एका दिवसात टिळक आळी, राजवाडा, पतितपावन, थिबा पॉइंट, भाट्ये असं बसवतात लोक. जमतं का?

पाखाडी

जमतं, पण मग काहीच पाहिलं जात नाही. दोन वास्तू आणि थिबा राजाची समाधी, एवढाच दिवस धरा. सकाळी नऊ-साडेनऊला टिळक आळी, तेव्हा आळीत रहदारी कमी असते. अकरा-साडेअकरापर्यंत तिथून निघायचं. जेवण बाजारात किंवा स्टँडच्या आसपास उरकायचं, कारण राजवाड्याजवळ खायची सोय म्हणावी तशी नाही. दोन-अडीचला राजवाडा. दुपारनंतरचा तिरपा उजेड पश्चिमेच्या खिडक्यांतून आत येतो तेव्हा नक्षीकाम उठून दिसतं, सकाळी ते सपाट वाटतं. पाचच्या आत बाहेर.

पतितपावन दुसऱ्या दिवशी ठेवा.

भाट्येपूल

समाधीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ती राजवाड्याच्या आवारात नाही, शिवाजीनगर भागात ख्रिश्चन दफनभूमीच्या शेजारी आहे. रिक्षावाल्याला "थिबा राजाची समाधी" असं पूर्ण सांगायचं. पाटी पटकन दिसत नाही आणि भोवती घरं झाली आहेत, तेव्हा गल्लीत विचारावं, लोक दाखवतात. फाटक बंद असलं तर जवळपास विचारल्याशिवाय उडी मारून आत जाऊ नये.

दोन समाध्या आहेत, राजाची आणि धाकट्या राणीची. राणी १९१२मध्ये वारली, राजा १९१६मध्ये, पण दफन झालं ते मार्च १९१९मध्ये. थोरली राणी सुपायलात हिला दोन्ही शवं ब्रह्मदेशात न्यायची होती आणि इंग्रजांनी ते होऊ दिलं नाही. तोवर शवपेट्या तशाच ठेवलेल्या होत्या. त्याच वर्षी सुपायलातला रंगूनला परत जाऊ दिलं, ती तिथे १९२५मध्ये वारली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीला परत आली आणि १९४७मध्ये इथेच वारली. तिची मुलगी इथल्याच समाजात वाढली, मराठी बोलत राहिली.

तिथे कोणी माहिती सांगायला नसतं, म्हणून ही सालं लिहून न्या. चपला बाहेर काढाव्यात, म्यानमारहून येणारे लोक तिथे प्रार्थना करतात. ते आलेले असले तर त्यांचं होईपर्यंत बाजूला थांबावं. उदबत्ती, मेणबत्ती लावायची असेल तर दगडावर न लावता जमिनीवर लावावी, कारण मेण जांभ्याच्या छिद्रांत शिरलं की निघत नाही आणि तिथे काळं धरतं.

उंडीण

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक, पाट्यांवर चूक आढळली तर कुणाला सांगायचं?

कातळसडा

अभिप्राय वहीत लिहा, पण "पाटी चुकली" एवढंच लिहून उपयोग नाही. दालन कुठलं, वस्तूचा क्रमांक काय, पाटीवर काय छापलंय आणि बरोबर काय, अशा चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहा. त्याचा फोटो काढून ठेवा. राज्य संरक्षित स्मारकं आणि सरकारी संग्रहालयं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे येतात, तिकडे तोच मजकूर पत्राने किंवा मेलने पाठवता येतो. तिथे शिल्पाची पाटी बदलायची तर अभिलेख तपासावा लागतो, त्यामुळे वस्तूचा क्रमांक नसेल तर पत्र तसंच पडून राहतं.